बर्फात शून्य, उकळत्यात सत्त्याण्णव

३ मार्च, रविवार

दुसरी बॅच आज उघडली. तीही गेली.

झाकण निघताना फुस्स झालं, फेस वर आला, रंग मधाचा. दिसायला काही कमी नाही. पेल्यात नाक घातलं तर आत कुणीच नाही. घोट घेतला तर जिभेवर बुडबुडे आणि शेवटी थोडं कडू. मधलं सगळं गायब, साबणाच्या कोमट पाण्यासारखं पातळ. पहिली बॅच अशीच निघाली होती. तेव्हा मनाची समजूत घातली की घरच्या पातेल्याचा अजून अंदाज नाही. आता काय समजूत घालू?

सव्वीस वर्षं मी बिअरच्या कारखान्यात चव बघण्याच्या खोलीत काढली. तिथं मला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे ‘नाक’ म्हणायचे. ‘नाक सुट्टीवर आहे, टाकी सोडू नका.’ गेल्या वर्षी नवा मॅनेजर आला आणि त्यानं मला उचलून लेबलं चिकटवायच्या विभागात टाकलं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि त्याच तिरमिरीत ताईकडे जाऊन सांगून बसले की जूनपासून तुमच्या खाणावळीत माझ्या हातची बिअर मिळेल. ताई बिचारी हसली, पण भावोजींनी खरंच मनावर घेतलं. परवाना काढला. भिंत पाडून काउंटर बांधायला घेतलाय. गिऱ्हाइकं विचारून जातात म्हणे, कधी सुरू करताय.

जेवताना ह्यांना सांगितलं, “बिअर इतकी पातळ व्हायचं कारण एकच. माल्टचा, म्हणजे मोड आलेल्या सातूचा, भरडा सहासष्ट अंशांवर तासभर मुरायला हवा. तापमान दोन-तीन अंश खाली राहिलं की अशी होते. म्हणजे थर्मामीटर खोटं दाखवतोय.”

“मला बरी लागली बिअर,” हे म्हणाले.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्यातलं काय कळणार.

“कुठला थर्मामीटर?” त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

“तबकडीचा. पातेल्याला बसवलाय तो. सगळं त्याच्यावरच चालतं ना.”

“हं,” म्हणाले आणि पाव मोडून खायला लागले.

४ मार्च, सोमवार

आज बर्फाची परीक्षा घेतली. वितळत्या बर्फाचं तापमान शून्य, यात जगात कुणाला वाद घालता येत नाही.

लोक ही परीक्षा चुकीची घेतात. पाण्यात चार खडे टाकतात आणि मीटर बुडवतात. खडे वर तरंगतात, तळाचं पाणी चार अंशांवर राहतं, आणि मग मीटरच्या नावानं खडे फोडतात. मी बर्फ फडक्यात गुंडाळून ह्यांच्या छोट्या हातोडीनं कुटला, जग काठोकाठ भरला, फटी बुजतील एवढंच पाणी घातलं, ढवळून पाच मिनिटं थांबले. मग माझ्याकडचे तिन्ही मीटर पाळीपाळीनं मध्यभागी धरले, तळाला नाही, भिंतीला नाही.

काचेचा, पाऱ्याचा: शून्य. डिजिटल: शून्य पूर्णांक दोन. तबकडीचा: अर्ध्याच्याही आत.

तिन्ही खरे.

काचेचा मीटर धरला असताना जगाच्या कडेवर सारखा टिकटिक वाजत होता. बर्फामुळे हात कापत होता, दुसरं काय. हे खाली दुकानात होते. आमच्या जिन्यातून सगळं खाली ऐकू जातं. वर येऊन म्हणाले, “एवढं काय वाजतंय?”

“मीटर. हात गारठलाय.”

त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. आमच्या वयाला न शोभणारं. मी म्हटलं, “सोडा, कामं आहेत.” सोडताना हाताकडे असे बघत होते की जणू उघडून बघायचाय.

त्यांना म्हटलं, “मीटर खोटा निघाला असता तर किती बरं झालं असतं. दोष माझा नाही एवढं तरी कळलं असतं.” बोलताना रडू आलं. कधी रडत नाही मी असली.

५ मार्च, मंगळवार

सापडला! लिहिताना हात थरथरतोय, पण आज आनंदानं.

सकाळी उठले तर हे आधीच उठून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले, डोळ्याला भिंग. म्हणाले, “तुझं सामान पुसून ठेवलं. आणि कालचा बर्फ नीट कुटला गेला नसणार. आज मी कुटून देतो. पुन्हा बघ.” पस्तीस वर्षांत त्यांनी माझ्या कामात पहिल्यांदा हात घातला.

पाऱ्याचा शून्य. डिजिटल शून्य पूर्णांक दोन. आणि तबकडीचा तीन. काटा ठाम तीनवर. ढवळलं, थांबले, पुन्हा बघितलं. तीनच.

मग उकळत्या पाण्यात. इथं मी क्षणभर फसले. तबकडीचा बरोबर शंभर दाखवायला लागला आणि बाकीचे दोघं सत्त्याण्णव. म्हटलं, म्हणजे हाच खरा की काय? मग डोक्यात उजेड पडला. आपलं शहर डोंगरावर. इथं पाणी शंभरावर उकळतच नाही, सत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. म्हणजे इथंही तो तीननं पुढं. मी सहासष्ट समजत होते तेव्हा आत त्रेसष्टच होते. म्हणून पातळ. मी परवा जेवताना म्हटलं होतं तंतोतंत तसं.

तबकडीच्या मागं एक लहान नट असतो. तो फिरवला की काटा सरकतो. बर्फात धरून तो नट फिरवून काटा शून्यावर आणला. नटावर ओरखडे आहेत. बनवणाऱ्यांनीच पकडीनं कसाही आवळला असणार. हल्ली कुणाला कामाची चाड राहिलेली नाही.

ह्यांना मिठीच मारली. ते खूश दिसले नाहीत. म्हणाले, “आता काय करणार?”

“आता? दोन्ही बॅचेस ओतून देणार.”

“कशाला?”

“त्रेसष्टवर मुरलेली बिअर मी माझी म्हणून कुणाला पाजू?”

हे खाली कुणीतरी आलंय म्हणून उतरले. मला तर दार वाजलेलं ऐकू आलं नव्हतं.

९ मार्च, शनिवार

छप्पन्न बाटल्या मोरीत ओतल्या. भावोजी टोपली घेऊन आले होते, म्हणत होते, “अगं, दे ना मला. खाणावळीतल्या चौघांना चाखवली, चौघांनी दुसरा पेला मागितला.” मी म्हटलं, “भावोजी, दिवसभर कढत सूप चाखून तुमची जीभ भाजलीय.” ते हसले, पण शेवटच्या दोन बाटल्या मी उघडताना टोपली उचलून निघून गेले.

हे दिवसभर वर आले नाहीत.

१० मार्च, रविवार

तिसरी बॅच घातली. सहासष्ट म्हणजे सहासष्ट. तासभर पातेल्याशेजारून हलले नाही. भरडा ढवळताना उजवा खांदा धरला, लाकडी उलथनं मध्येच बोटांतून सुटलं आणि आत बुडालं. वय होतंय.

लेबलं लिहून ठेवली. हे म्हणाले, “लेबल वाचायला माझं भिंग लागेल.” खरंच बारीक आलंय अक्षर. लेबल लहान, मजकूर जास्त, म्हणून आखडतं घेतलं. आता बघते तर या वहीतसुद्धा ओळीच्या शेवटी शेवटी अक्षर मुंगीएवढं झालंय. वही संपत आली की हात आपोआप काटकसर करतो.

२४ मार्च, रविवार

बाटल्या भरल्या. ताई मदतीला आली होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण दोन मजले धाप न लागता चढते. खाणावळीचं स्वयंपाकघर चाळीस वर्षं एकटीनं सांभाळलंय तिनं. झाकणं दाबताना मला मध्येच म्हणाली, “तू माझ्यावर रागावलीयस का?”

“नाही. का?”

“मघापासून तीन गमती सांगितल्या. तुझा चेहरा हललासुद्धा नाही.”

मी म्हटलं, मनातून हसले. ताईनं पुढचं झाकण दाबलं. जाताना जिन्यात ह्यांच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. माझ्याबद्दलच असणार. दोघांना वाटतंय मला जमणार नाही. बघतीलच.

७ एप्रिल, रविवार

नाही.

बरोबर सहासष्टवर मुरवली, बरोबर थंड केली, बरोबर चौदा दिवस दिले. तरी तेच. वास नाही, अंग नाही, काही नाही. मी पाच बाटल्या उघडल्या. पाचही मुक्या.

ताई आणि भावोजी आले होते. भावोजींनी पेला संपवला, ओठ पुसले, म्हणाले, “फक्कड. पहिल्या दोन्हींपेक्षा सरस. मी पाटी रंगवायला टाकतो.”

मग माझा तोल गेला. म्हटलं, “भावोजी, नोकरी गेलेल्या मेहुणीवर दया करताय हे कळतंय मला. पण माझ्या तोंडावर खोटं बोलू नका. सव्वीस वर्षं मी हेच केलंय. ही बिअर नाही, हे भांडी धुतलेलं पाणी आहे.”

भावोजींचा चेहरा उतरला. सरळ माणूस आहे, रिकामा पेला मोरीत ठेवून आले. ताई म्हणाली, “ते खोटं बोलत नाहीत. मलाही आवडली.”

“तुलाही दया आली तर.”

ताई उठली, पर्स घेतली, भावोजींना म्हणाली, चला. दारात थांबून ह्यांच्याकडे बघत राहिली. जणू ह्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं. हे खिडकीबाहेर बघत होते.

काउंटर तयार झालाय. त्याच्यावर कपडा टाकून ठेवलाय म्हणे. माझी वाट बघत. जगात एक गोष्ट मला येत होती. फक्त एक.

९ एप्रिल, मंगळवार

सकाळी वाईट झालं. चहाचं पाणी ठेवलं आणि टेबलाशी बसून कालपासूनचे आकडे तपासत होते. धाडकन दार उघडून हे आत आले, तोंडावर रुमाल. आधी शेगडी बंद केली, मग एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून जिन्यात नेऊन बसवलं. पाणी उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस तसाच सुटलेला. खाली दुकानापर्यंत वास आला म्हणाले.

मी शेगडीपासून दोन हातांवर बसले होते.

वारा खिडकीकडून दाराकडे वाहत होता, म्हणून वास माझ्याकडे न येता जिन्याकडे गेला असणार. तसं ह्यांना सांगितलं. ते पायरीवर माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, “खिडक्या बंद होत्या.”

१० एप्रिल, बुधवार

आज शेवटचा मार्ग. बर्फ आणि उकळतं पाणी ही दोन टोकं झाली, पण कधीकधी मीटर टोकांना खरा असतो आणि मध्ये घसरतो. म्हणून आज एकाच पातेल्यात सहासष्टवर तिन्ही एकत्र. सकाळपासून सात वेळा. सातही वेळा तिन्ही एकाच आकड्यावर. बर्फात शून्य, उकळत्यात सत्त्याण्णव, मध्ये सहासष्ट. कुठंही फट नाही. पळायला जागा नाही.

मग मला एक गोष्ट सुचली. ती महिनाभर का सुचली नाही देव जाणे. मार्चच्या चार तारखेला तबकडीचा मीटर खरा होता. पाच तारखेला तीननं खोटा. रात्रीत काय झालं? मीटर पडला नाही, आपटला नाही. ह्यांचं भिंग घेऊन नटावरचे ओरखडे पाहिले. बारीक, दोन्ही बाजूंनी सारखे, नाजूक पकडीचे. अशी पकड कारखान्यात नसते. घड्याळवाल्याकडे असते.

खाली गेले. दुकानात कुणी नव्हतं. मीटर ह्यांच्या समोर ठेवला.

“हे तुम्ही केलंत?”

“हो.”

असं सरळ ‘हो’ म्हणतील असं वाटलं नव्हतं. मी स्टुलावर बसले.

“कधी?”

“त्या सकाळी. तू उठायच्या आधी.”

“का पण?”

त्यांनी हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं. “तू म्हणालीस, मीटर खोटा निघाला तर दोष माझा नाही एवढं कळेल. मला वाटलं, निघू दे खोटा. तू दुरुस्त करशील, नवी बिअर करशील, बरं वाटेल. तू पहिल्या बाटल्या ओतून देशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चांगली बिअर होती ती.”

“तिला वास नव्हता.”

“होता. जिन्यात यायचा. गिऱ्हाईक विचारायचं, वर काय चाललंय म्हणून.”

“मला आला नाही.”

“माहितीये मला.”

मग ते उठले, मला वर घेऊन आले. मी खुर्चीत. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. नाकाखाली काहीतरी धरलं.

“काय आहे?”

“काही नाही. रिकामी बशी.”

“नीट बघ.”

मी ओढून श्वास घेतला, कारखान्यात घ्यायची तसा, तीन लहान, एक लांब. काही नव्हतं. पण मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, झोंबायला लागलं. डोळे उघडले. ह्यांच्या हातात चिरलेला कांदा होता.

१२ एप्रिल, शुक्रवार

व्हिनेगर. कॉफी. घासलेट. जळलेली काडी. ह्यांच्याकडचं घड्याळाचं तेल. सगळं हुंगून पाहिलं. एकटीनंच, हे खाली असताना. घासलेटाची बाटली नाकाला लावून उभी होते आणि जणू हवा भरलेली बाटली.

ह्यांच्याशी बोलत नाही. राग मीटरचा नाही. ते सगळं जाणून होते आणि महिनाभर मी त्यांच्यासमोर तज्ज्ञाचा आव आणत फिरत होते, त्याचा आहे. पातेल्यावर वाकून वास घ्यायचे आणि ‘अजून दहा मिनिटं’ म्हणायचे. कशावरून म्हणत होते मी दहा मिनिटं?

१८ एप्रिल, गुरुवार

नाकाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि नाक उत्तम आहे म्हणाले. पण मी खुर्चीतून उठले कशी, चालत आले कशी हे बघून त्यांनी दुसरीकडे चिठ्ठी दिली. मेंदूच्या डॉक्टर. माझ्याहून तरुण बाई, आवाज मऊ. बोटं आपटायला लावली, अंगठ्याला तर्जनी, भराभर. डावी आपटली. उजवी चार वेळा आपटली आणि आखडत आखडत थांबली. मी तिला हुकूम सोडते आहे आणि ती ऐकत नाही. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. ह्यांना विचारलं, “यांचा उजवा हात चालताना हलत नाही, कधीपासून?” हे म्हणाले, “दीड वर्ष.” मला माहीत नव्हतं.

तारखा सांगायला लागतील म्हणून ही वही बरोबर नेली होती. त्यांनी विचारलं, बघू का? मी म्हटलं, मजकूर वाचायचा नाही. “मजकूर नको मला,” म्हणाल्या आणि पहिलं पान आणि शेवटचं लिहिलेलं पान एकमेकांजवळ वाकवून धरलं. नंतर माझ्यापुढे केलं. मी रोज लिहिते, मला ते कधी दिसलं नव्हतं. पहिल्या पानावर एका ओळीत सात शब्द. शेवटच्या पानावर पंधरा. वही संपत नव्हती आली. अजून अर्धी कोरी आहे.

कंपवात. त्या पार्किन्सन म्हणाल्या. गोळ्यांनी हात मोकळा होईल, चालणं सुधारेल, पुष्कळ वर्षं बरी जातील.

“आणि वास?”

“वास बहुतेक परत येत नाही,” त्या म्हणाल्या. “तो या आजारात बरेचदा सगळ्यात आधी जातो. इतर काही दिसायच्या कितीतरी वर्षं आधी. हळूहळू जातो, म्हणून माणसाला कळत नाही.”

बाहेर आल्यावर ह्यांनी माझी पर्स धरली. मी त्यांना धरू दिली.

२१ एप्रिल, रविवार

कितीतरी वर्षं आधी.

लेबलांकडे टाकायच्या आधी मॅनेजरनं एक दिवस मला सहा पेले दिले होते, झाकून. मी सहांना सहा वेगळे शेरे लिहिले. त्यानं सांगितलं, सगळे एकाच टाकीतले होते. मी त्याला सर्वांसमोर म्हटलं की तू पेले बदललेस, तुला जुनी माणसं नको झालीत. तो लालबुंद झाला पण आवाज चढवला नाही. लेबलांचा विभाग त्यानं मला काढून टाकायच्या ऐवजी दिला होता.

म्हणजे शेवटची दोन, तीन, किती वर्षं मी त्या खोलीत बसून काय सांगत होते? आठवणीतला वास सांगत होते. टाकीचा नंबर बघून, रंग बघून, ती कशी असायला हवी ते बोलत होते. आणि सगळे मान डोलावत होते.

२३ एप्रिल, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. गोळीनं मळमळतं. ताईचे चार फोन आले, घेतले नाहीत. पातेलं माळ्यावर टाकायला सांगितलं. ह्यांनी टाकलं नाही, नुसतं खुर्चीमागं सरकवलं.

२८ एप्रिल, रविवार

ताई आली. दार ह्यांनी उघडलं. मी पडूनच होते. ती पलंगाच्या कडेवर बसली.

“भावोजींची माफी मागायची आहे,” मी म्हटलं.

“माग मग. खाली उभेत. वर यायला घाबरतात.”

“काउंटरवर दुसरं काहीतरी ठेवा. सरबतं ठेवा.”

“सरबतं मला येतात. मी बिअर शिकायला आलेय.”

मी तिला सांगितलं की मला वास येत नाही, येणार नाही, बिअर चांगली का वाईट हे मला मरेपर्यंत कळणार नाही. ती म्हणाली, “कळलं मला सगळं, तुझ्या नवऱ्यानं सांगितलंय. मला वास येतो. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर मला इथं येतो. पण त्याचं पुढं काय करायचं ते मला माहीत नाही. ते तुला माहितीये.”

“तू माझं मन राखायला गोड बोलशील.”

“मी?” ताई म्हणाली. “तुझ्या लग्नात मी तुझ्या साडीला काय म्हणाले होते ते विसरलीस?”

विसरले नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पण ती गेली नाही. शेवटी मीच उठले, कारण खुर्चीमागून पातेलं ओढताना ती फरशी ओरबाडत होती.

५ मे, रविवार

चौथी बॅच. हात पुष्कळ मोकळा आहे, गोळी लागू पडतेय. पण अकराच्या सुमाराला एकदम गळून जायला होतं. भरडा मुरवून, रस गाळून, उकळायला ठेवला आणि मी आतल्या खोलीत तासभर आडवी झाले. ताईला सांगितलं होतं, उतू जाऊ देऊ नकोस, हॉप्सची कडू फुलं कधी टाकायची ते कागदावर लिहिलंय. कागदावर मुद्दाम मोठं अक्षर काढलं. सोपं नाही, प्रत्येक अक्षराला स्वतःहून सांगावं लागतं की मोठं हो.

भावोजींची माफी मागितली. ते म्हणाले, “सूपानं जीभ भाजलीय, मला काही आठवत नाही.”

२ जून, रविवार

काल काउंटर सुरू व्हायचा होता. भावोजी म्हणाले, आधी घरच्यांनी चाखू, मग बघू. आज दुपारी जेवणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर शटर अर्धं खाली ओढून चौघं बसलो. काउंटरवर अजून कपडा आहे.

ह्यांनी बाटली उघडली. फुस्स झालं, फेस वर आला, रंग मधाचा. मी पेला घेतला नाही. तिघांच्या तोंडाकडे बघत बसले. मला वाटतं, कारखान्यातसुद्धा मी कधी एवढी घाबरले नव्हते.

भावोजींनी घोट घेतला. “ठीक आहे की,” म्हणाले. “छान आहे.”

मी ताईकडे बघितलं. तिनं पेला नाकाशी नेला, लांब केला, पुन्हा नेला. चेहऱ्यावर आठ्या पडल्या. मग पेला खाली ठेवला आणि हातानं दूर सरकवला.

“तुम्ही गप्प बसा,” ती भावोजींना म्हणाली. “घाण वास येतोय.”

हे पटकन म्हणाले, “पहिल्यांदाच करतेय ती, थोडंफार...”

“थांबा,” मी म्हटलं. “कसला, ताई? नुसतं घाण म्हणू नकोस. कसला?”

ताईनं पुन्हा पेला उचलला. डोळे मिटले. मी तिला तसं शिकवलं होतं, तीन लहान, एक लांब. “आंबलेला नाही,” म्हणाली. “कुजका नाही. भाजीचा आहे. उकडलेल्या भाजीचा. कोबी. झाकून ठेवलेला कोबी दुसऱ्या दिवशी उघडला की येतो ना, तो.”

मी पेला ह्यांच्यापुढे सरकवला. “तुम्ही सांगा. आणि खरं सांगा.”

त्यांनी वास घेतला. माझ्याकडे बघितलं. त्यांना खोटं बोलायचं होतं, ते मला पस्तीस वर्षांच्या सवयीनं स्पष्ट दिसलं. मग खांदे पडले.

“कोबी,” म्हणाले.

किती महिन्यांनी माझ्यासमोरच्या पेल्यात काय आहे ते मला माहीत होतं.

“ताई,” मी म्हटलं, “उकळताना पातेल्यावर झाकण ठेवलं होतंस?”

ताई गोंधळली. “तू आडवी झालीस तेव्हा ठेवलं. भसाभसा वाफ जात होती, भिंती गळायला लागल्या होत्या. का, चुकलं?”

“ती वाफच जायला हवी. कोबी त्या वाफेबरोबर जातो. झाकलंस की परत पातेल्यात पडतो.”

“हे वासावरून कळलं तुला?”

“तुझ्या नाकामुळे.”

ती आधी हसली, मग पदरानं डोळे पुसायला लागली, आणि मग तिनंच उठून पहिली बाटली मोरीत उपडी केली. सत्तावीस बाटल्या होत्या. हे झाकणं काढत होते, भावोजी उचलून देत होते, आम्ही दोघी ओतत होतो. भावोजी प्रत्येक बाटलीला हळहळत होते, त्यांना कोबीची चव वाईट लागत नव्हती म्हणे. उजव्या हातानं मी अकरा ओतल्या, मग डाव्यानं.

झाल्यावर भावोजींनी बाहेरच्या फळ्यावर ‘अजून थोडे दिवस’ असं लिहिलं. ताईनं हात धुतले, वास घेऊन बघितले, पुन्हा धुतले.

“परत कधी?” तिनं विचारलं.

“उद्या सकाळी सातला ये,” मी म्हटलं. “झाकण मी लपवून ठेवते.”